न सांगता ठरलेलं



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्ये डोळ्याचं ऑपरेशन झालं (डावा डोळा, मोतीबिंदू. आता सगळं स्वच्छ दिसतं, अगदी घरातली धूळसुद्धा!). त्यामुळे महिनाभर स्क्रीनकडे बघायला बंदी होती. नागपूरच्या वन्संनी दोनदा फोन करून "ब्लॉग बंद केलास का गं?" म्हणून विचारलं. बंद नाही केला, वन्सं. पण आजचा विषय वाचून तुम्ही म्हणाल, हिला झालंय तरी काय! विषय आहे प्रिंटर. त्यातही प्रिंटरचं ‘डिफॉल्ट’.

हसू नका. आधी शेवटपर्यंत वाचा, मग हसा.

जुन्या वाचकांना माहीतच आहे, निवृत्तीनंतर आम्ही चार-पाच जणांनी मिळून बदलापूर पूर्वेला संध्याकाळची अभ्यासिका सुरू केली. पाचवीची आणि आठवीची मुलं येतात. फी वगैरे काही नाही. एका ओळखीच्यांच्या ऑफिसातून सहा जुने संगणक मिळाले. लेझर प्रिंटर आम्ही वर्गणी काढून घेतला, तोही जुनाच. संगणक इतके म्हातारे की त्यांच्यावर नवं विंडोज चालेना. तेव्हा माझा भाचा मदतीला आला. धाकट्या बहिणीचा मुलगा, अंबरनाथला राहतो, नोकरी ठाण्याला. त्याने सगळ्यांवर लिनक्स घातलं. त्याला पैसे पडत नाहीत आणि जुन्या यंत्रावरही ते तक्रार न करता चालतं. लिहायला आणि छापायला लिब्रे ऑफिस. प्रिंटर एका संगणकाला जोडला आणि बाकीचे पाच त्याच्यामार्फत छापतील अशी सोय करून दिली. म्हटलं, झालं आपलं काम.

आता जानेवारीतली गोष्ट. पाचवीच्या मुलांसाठी मी गणिताचा सराव पेपर काढला. दहा उदाहरणं, वीस मार्क. कागद वाचावा म्हणून मार्जिन चांगलं आवळलं होतं, वर-खाली जेमतेम बारा मिलिमीटर, म्हणजे दहाही उदाहरणं एकाच पानावर बसावीत. दहावं उदाहरण एका ओळीचंच होतं. अठ्ठावीस प्रती हव्या होत्या. काही मी एका संगणकावरून छापल्या, उरलेल्या आमच्या दुसऱ्या एका बाईंनी त्यांच्या संगणकावरून छापल्या.

पेपर तपासायला घेतले तर अकरा मुलांनी दहावं उदाहरण सोडवलेलंच नाही! चुकलंय असं नाही, हातच लावलेला नाही. आदल्या आठवड्यात तेच शिकवलं होतं. माझा पारा चढला. (चाळीस वर्षांची सवय, निवृत्तीने जात नाही.) दुसऱ्या दिवशी त्या अकरा जणांना उभं केलं. एका मुलीला तर जरा जास्तच बोलले. हुशार आहे, तिच्याकडून अपेक्षा होती म्हणून. "दहा म्हणजे किती ते कळतं का तुला? वर ‘एकूण उदाहरणं दहा’ असं लिहिलंय ना?" ती खाली बघत उभी राहिली. एक अक्षर बोलली नाही.

त्याच्या पुढच्या दिवशी ती माझ्या टेबलाशी आली. घडी केलेला पेपर पुढे केला आणि हळूच म्हणाली, "बाई, माझ्या कागदावर नऊच होती. मला वाटलं, मीच मोजायला चुकले."

मी चष्मा लावून बघितलं. खरंच नऊ. नवव्या उदाहरणाखाली एक बारीक काळी आडवी रेघ, आणि त्याखाली दोन बोटं कोरा कागद. ती रेघ कसली ते कळायला मला मिनिटभर लागलं. ती दहाव्या उदाहरणाची शिरोरेषा होती. अक्षरं कापली गेली होती आणि त्यांच्या डोक्यावरची रेघ तेवढी शिल्लक राहिली होती. मुलांना वाटलं, पेपर संपल्याची खूण आहे.

मंडळी, त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढ्या तेवढ्याला काय, असं म्हणाल. सराव पेपर होता, वीसातले दोन मार्क. पण मला मार्कांचं नाही वाटलं. दहा वर्षांच्या मुलीने हातातल्या कागदावर नऊ उदाहरणं डोळ्यांनी पाहिली, आणि तरी ‘माझंच चुकलं असेल’ असं मानून ती अकरा जणांत उभी राहिली. कागद चुकीचा असेल हे तिच्या मनातही आलं नाही. आणि माझ्याही आलं नाही!

रविवारी भाच्याला बोलावून घेतलं. पोहे खाता खाता त्याने तपासलं आणि म्हणाला, "मावशी, चूक माझीच गं. सहातल्या दोन मशीनवर मी लिनक्स टाकताना घाईत इंग्लिश म्हणून अमेरिकेचं इंग्लिश निवडलं. यादीत तेच वर असतं."

"अरे पण इंग्लिशचा आणि माझ्या मराठी पेपरचा काय संबंध?"

संबंध आहे. तो त्याने मला समजावला, तोच तुम्हाला समजावते. जे कोणी घरी किंवा शाळेत असा प्रिंटर वापरतात त्यांच्या उपयोगाचं आहे.

आपण जो नेहमीचा कागद वापरतो तो ए-फोर, २१० गुणिले २९७ मिलिमीटर. अमेरिकेत मात्र ‘लेटर’ नावाचा कागद चालतो, २१६ गुणिले २७९. तो आपल्यापेक्षा रुंदीला थोडा जास्त आणि उंचीला १८ मिलिमीटर कमी. संगणक बसवताना आपण देश अमेरिका सांगितला की तो स्वतःच ठरवून टाकतो की यांचा कागद लेटरच असणार. तो विचारत नाही. मग ए-फोर मापाने मांडलेलं पान लेटरच्या मापात छापलं गेलं की खालचे १८ मिलिमीटर जाऊ शकतात. नेहमीचं मार्जिन ठेवलं असतं तर कोरी जागाच गेली असती आणि कोणाला पत्ताही लागला नसता. मी कागद वाचवायला मार्जिन आवळलं होतं म्हणून नेमकी शेवटची ओळ गेली.

मी भाच्याला म्हटलं, उल्हासनगरात उभी हयात शिकवण्यात गेली माझी, आणि शेवटी यूएसएनेच दगा दिला! (नवीन वाचकांसाठी: आमच्याकडे उल्हासनगरच्या मालावर ‘मेड इन यूएसए’ लिहिलेलं असे, आणि त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा सांगत. हा विनोद आमच्या स्टाफरूममध्ये कितीदा झाला असेल त्याची गणतीच नाही.) :-)

जाता जाता ए-फोरबद्दल थोडं सांगू द्या, मास्तरणीची खोड आहे. ए-फोरचा कागद मधोमध घडी घालून अर्धा केला तरी लांबी-रुंदीचं प्रमाण तेच राहतं. लेटरचं तसं राहत नाही. आत्ता कागद घेऊन करून बघा. ही गंमत लिख्टेनबर्ग नावाच्या जर्मन प्राध्यापकाने १७८६ मध्येच एका पत्रात लिहून ठेवली होती. त्यावरून जर्मनीने १९२२ मध्ये कागदाची मापं ठरवली, आणि पुढे बहुतेक जगाने ती घेतली. सर्वांत मोठा ए-झिरो बरोबर एक चौरस मीटरचा. त्याच्या चार घड्या घातल्या की ए-फोर, म्हणजे सोळावा हिस्सा. म्हणून ८० जीएसएमच्या एका कागदाचं वजन ५ ग्रॅम, आणि ५०० कागदांच्या रिमचं अडीच किलो. आठवीच्या मुलांना हे गणित घातलं की ती खूश होतात.

तर, दुरुस्ती. मला वाटलं होतं, एक बटण दाबलं की झालं. तसं नसतं. भाचा म्हणाला, हा हुकूम चार ठिकाणी राहतो. मी ते माझ्या भाषेत असं लावून घेतलं.

पहिला गावाचा नियम. म्हणजे संगणकाला सांगितलेला देश आणि भाषा. तिथे भारत केलं, की कागद ए-फोर.

दुसरा शाळेचा नियम. प्रिंटर ज्या संगणकाला जोडलाय तिथे ‘कप्स’ नावाचा कारभारी बसलेला असतो. लिनक्सवर छपाईचं काम तोच बघतो. मायकेल स्वीट नावाच्या माणसाने १९९० च्या दशकाच्या शेवटी तो लिहायला घेतला. ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि ६३१ हा क्रमांक टाकला की त्याचं पान उघडतं. तिथे आपला प्रिंटर निवडून ‘सेट डिफॉल्ट ऑप्शन्स’ मध्ये जायचं, कागद ए-फोर करायचा, दोन्ही बाजूंना छापायचं की एका ते ठरवायचं, आणि पासवर्ड देऊन पक्कं करायचं. हे एकदाच, एकाच ठिकाणी. त्याच्यामार्फत छापणाऱ्या सगळ्यांना तेच लागू होतं.

तिसरा प्रत्येक बाकाचा नियम. संगणक वापरणाऱ्याने पूर्वी कधी आपल्यापुरतं काही ठरवून ठेवलं असेल, तर ते त्याच्या खात्यात एका लपलेल्या फाइलमध्ये राहतं.

आणि चौथा वहीचा नियम. प्रत्येक फाइल आपल्या पानाचं माप स्वतःबरोबर घेऊन फिरते.

आता यातली मेख अशी की जवळचा नियम लांबच्या नियमाला हरवतो. वही बाकाला हरवते, बाक शाळेला. भाच्याने गाव बदललं, शाळा बदलली, आणि आम्ही सहाही संगणकांवरून एकेक पान छापून पाहिलं. पाच बरोबर आले. सहावा काही ऐकेना, पुन्हा लेटर! आणि त्या मुलीचा पेपर त्याच संगणकावर छापलेला. शेवटी त्याला ती लपलेली फाइल सापडली. ‘कप्स’ नावाचा, सुरुवातीला टिंब असलेला फोल्डर आणि त्यात ‘एलपी-ऑप्शन्स’ म्हणून चार शब्दांची फाइल. सुरुवातीला कोणीतरी केलेली निवड तिथे तशीच बसून होती. ती काढून टाकली तेव्हा सहावा संगणक वळणावर आला. मला आमच्या वर्गातली काही मुलं आठवली. सगळ्या शाळेचं वेळापत्रक बदललं तरी ती जुन्याच तासाची वही काढून बसायची.

अजून एक गोष्ट त्याने केली, ती लिहून ठेवण्यासारखी आहे. लिब्रे ऑफिसच्या टूल्समध्ये ऑप्शन्स, त्यात लोड-सेव्ह, त्यात जनरल. तिथे फाइलबरोबर प्रिंटरची सेटिंग्जही उघडायची का, असा एक चौकोन आहे. तिथली खूण त्याने काढली. नाहीतर कोणी दुसऱ्या शाळेतून पाठवलेली फाइल तिकडच्या प्रिंटरच्या सवयी बरोबर घेऊन येते. आणि शेवटी ए-फोर माप, नीट मार्जिन, तळाशी पान क्रमांक असा एक कोरा नमुना करून तोच सगळ्यांचा पहिला कागद ठरवला. आता नवीन फाइल उघडली की तो नमुनाच समोर येतो.

एवढं सगळं का सांगितलं? कारण आता माझं मत सांगायचं आहे.

या ‘डिफॉल्ट’ला मराठी शब्द काय? पुस्तकी शब्द ‘पूर्वनिर्धारित’. बरोबर आहे, पण जड आहे. मी मुलांना सांगताना ‘न सांगता ठरलेलं’ असं म्हणते. आणि मला वाटतं, आपल्या आयुष्यातला निम्मा त्रास या न सांगता ठरलेल्या गोष्टींचा असतो. त्यात नुकसान ज्याचं होतं त्याला ठरवणारा दिसत नाही. म्हणून तो स्वतःलाच दोष देतो.

पूर्वी असं नव्हतं, असं मी म्हणणार नाही. पण आमच्या वेळी ठरवणारा माणूस निदान समोर असायचा. उल्हासनगरला कॅम्प चारच्या शाळेत मी होते तेव्हा पेपर सायक्लोस्टाइलवर निघायचे. स्टेन्सिल कापायचं, चूक झाली की ते लाल औषध लावून फुंकर मारायची, मग शाई लावलेल्या रोळावर चढवून हँडल फिरवायचं. आमचे क्लार्क प्रत्येक कोऱ्या स्टेन्सिलवर खालच्या बाजूला एक खूण करून ठेवत. "बाई, याच्या खाली लिहायचं नाही, रोळ पकडत नाही." नवीन शिक्षक आला की त्याला हेच पहिलं सांगत. त्यांनी ठरवलेलं माप सगळ्या शाळेला लागू होतं. कोणाला अडचण आली तर जाऊन भांडता येत होतं, आणि आम्ही भांडायचोही!

आता ती खूण करणारा माणूस नाही. त्याची जागा यादीतल्या पहिल्या ओळीने घेतली आहे. आणि गंमत म्हणजे आपण काही ठरवलं नाही तरी काहीतरी ठरतंच. "आम्ही कोणावर काही लादत नाही, ज्याने त्याने आपलं बघून घ्यावं" असं अभ्यासिकेच्या बैठकीत आमचे एक सहकारी म्हणाले. ऐकायला छान वाटतं. पण सहा संगणकांवर कोणी काही ठरवलं नव्हतं तेव्हा स्वातंत्र्य नांदत होतं का? तेव्हा अमेरिकेचा कागद नांदत होता. कोणीच ठरवलं नाही याचा अर्थ लांबच्या कोणीतरी ठरवलं आणि आपल्याला कळलं नाही.

दुसरी गोष्ट सूचनांची. ही मला जास्त बोचली, कारण सूचना देणं हाच माझा धंदा. प्रिंटरच्या वरच्या भिंतीवर मी माझ्या वळणदार अक्षरात पाटी लावली होती : ‘कागद वाचवा. दोन्ही बाजूंना छापा.’ दीड वर्ष पाटी होती. फरक शून्य. मी स्वतःसुद्धा घाईत एकाच बाजूला छापत असे, खोटं कशाला बोलू! भाच्याने शाळेचा नियम ‘दोन्ही बाजू’ असा केला आणि दुसऱ्या दिवसापासून न बोलता सगळे तसंच छापू लागले.

हे फक्त आमच्याकडेच झालं असं नाही. स्वीडनमधल्या एका मोठ्या विद्यापीठात एगेबार्क आणि एक्स्ट्रॉम या दोन अर्थशास्त्रज्ञांनी नेमका हाच प्रयोग केला. २०१६ मध्ये तो छापून आला. लोकांना ‘कमी छापा’ असं आवाहन केलं, त्याचा परिणाम दिसला नाही. प्रिंटर दोन्ही बाजूंवर लावून ठेवले तेव्हा कागदाचा वापर १५ टक्क्यांनी उतरला. ज्याला एकाच बाजूला हवं होतं त्याला ते करता येतच होतं, बंदी नव्हती. या विचारावर रिचर्ड थेलर आणि कॅस सनस्टीन यांचं ‘नज’ हे पुस्तक २००८ मध्ये आलं, आणि थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. चाळीस वर्षं मी पाट्या लिहिल्या. कोणी आधी सांगितलं असतं तर खडू तरी वाचला असता.

पण मंडळी, इथेच माझं आणि भाच्याचं वाजलं. त्याचं म्हणणं, "मावशी, एकदा बरोबर लावून दिलं की झालं, मग लोकांनी विचार करायची गरजच नाही." मी म्हटलं, तिथेच तर चुकतोस तू. दोन्ही बाजूंनी छापायला लागल्यावर तिसऱ्या दिवशी काय झालं? एका मुलाने पान उलटलंच नाही. मागची पाच उदाहरणं कोरी. पुन्हा तेच! कागदाची चूक गेली आणि दुसरी आली. या वेळी मात्र मी त्याला उभं करण्याआधी पेपर हातात घेऊन बघितला. एवढी अक्कल आली होती मला.

मग आम्ही त्या कोऱ्या नमुन्यातच तळाशी ठळक अक्षरांत ‘पान उलटा’ टाकलं. एक सोय केली की तिच्याबरोबर येणाऱ्या अडचणीची सोयही करावी लागते. आणि काही कागद दोन्ही बाजूंनी छापायचेच नसतात. लहान मुलांनी कापून चिकटवायची चित्रं, फोटो लावायचे फॉर्म, पातळ कागदावर मागची शाई दिसते ते पेपर. शिवाय आमच्याकडे एक मुलगा आहे, त्याला अठराच्या खाली अक्षर दिसत नाही. त्याची प्रत वेगळी, मोठ्या अक्षरात, एकाच बाजूला निघते. त्याची वेगळी सोय मोडून ‘सगळ्यांना सारखं’ करायचं असेल तर मला ते सारखेपण नको.

म्हणून माझं मत असं : सगळ्यांसाठी एक ठरवावं, जरूर ठरवावं, आणि मध्यभागी एकाच ठिकाणी ठरवावं. पण तीन अटींवर. एक, काय ठरलंय ते सगळ्यांना माहीत हवं. दोन, एखाद्याला एका वेळेपुरतं बदलायचं असेल तर सहज बदलता यावं, त्यासाठी कोणाचे पाय धरायला लागू नयेत. तीन, ठरवणाऱ्याचं नाव माहीत हवं, आणि दर वर्षी शाळा सुरू होताना त्याने ते पुन्हा तपासावं.

‘सहा संगणकांसाठी एवढं?’ असं विचाराल. सहाच आहेत म्हणून मला ती मुलगी दिसली. केरळने शाळांमध्ये लिनक्स आणलं, २०१९ मध्ये त्यांच्या नव्या आवृत्तीची बातमी आली तेव्हा दोन लाखांहून जास्त संगणकांची गोष्ट होती. आपल्या देशातल्या न्यायालयांच्या ई-कोर्ट प्रकल्पानेही लिनक्सच निवडलं, उबुंटू नावाचं. खटल्यांची नोंद ठेवणारी त्यांची प्रणाली आपल्या पुण्याच्या एनआयसीने बनवलेली आहे. आणि कागदाच्या मापाचा प्रश्न तिथेही होताच. कोर्टात वर्षानुवर्षं लांबडा लीगल कागद, एका बाजूला, मोठं मार्जिन सोडून. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ए-फोर आणि दोन्ही बाजूंना छपाई स्वीकारली, तेव्हा किती झाडं वाचली असतील याचा विचार करा. आणि अशा ठिकाणी एक चौकोन चुकीचा राहिला तर किती कागदांच्या शेवटच्या ओळी जातील, याचाही करा. तिथल्या कागदावरची शेवटची ओळ दोन मार्कांची नसते.

आमचे हे अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. त्यांना हा सगळा प्रकार सांगितला तर म्हणाले, "आमच्याकडे काम सुरू करायच्या आधी गेज तपासायचे. माल नंतर. गेज चुकलं असेल तर माल तपासून काय उपयोग?" एका वाक्यात त्यांनी माझा अख्खा लेख सांगून टाकला. हा माणूस ब्लॉग लिहीत नाही हे माझं भाग्य!

मी नेमकं हेच केलं नव्हतं. माल तपासला, म्हणजे मुलं. गेज, म्हणजे कागद, तपासलाच नाही.

आता आमच्या अभ्यासिकेत एक पद्धत आहे. पेपर छापल्यावर प्रत्येक संगणकाची पहिली प्रत एका मुलाकडे द्यायची. त्याने उदाहरणं मोजायची, पान उलटून बघायचं आणि वर सही करायची. या महिन्यात हे काम त्या मुलीकडे आहे. ती एक एक ओळ बोट ठेवून मोजते, आणि परवा तिने चक्क माझी एक शुद्धलेखनाची चूक काढली. (‘परीक्षा’ ऱ्हस्व लिहिलं होतं. टायपिंगची चूक. खरंच!)

मी तिची माफी मागितली, सगळ्या वर्गासमोर, कारण बोलले होते तेही सगळ्यांसमोर. ती लाजली. माफी स्वीकारायची कशी, हे आपण मुलांना शिकवत नाही ना, कारण मोठ्यांनी माफी मागायची नाही हेही न सांगता ठरलेलंच आहे. मग मी सगळ्यांना एकच सांगितलं. कागदावर नऊ दिसत असतील आणि बाई दहा म्हणत असतील, तर हात वर करायचा. आधी कागद बघू, मग बाई बघू, मग तुमचं मोजणं बघू. या क्रमाने.

आमच्या गावाचं नाव बदलापूर कशावरून पडलं, याची एक गोष्ट सांगतात. पूर्वी इथे प्रवासात घोडे बदलत, म्हणून बदलापूर. खरं-खोटं देव जाणे. पण बदलायची सोय असलेलं ठिकाण, असा अर्थ मला आवडतो.

असो. बराच वेळ घेतला तुमचा. प्रिंटरच्या वरची माझी पाटी मी काढून टाकली आहे. त्या जागी आता एक छोटा कागद आहे : काय ठरवलंय, कोणी ठरवलंय, कधी तपासलंय, आणि बदलायचं असेल तर कसं. ए-फोरचा, एका बाजूला छापलेला. (भिंतीवर लावायचा आहे ना, मागे कोण बघणार!)

तुमच्या घरात, ऑफिसात, सोसायटीत असं न सांगता ठरलेलं काय काय आहे? जरा आठवून बघा आणि नक्की कळवा. वन्सं, तुम्हीसुद्धा.